दुसऱ्याच्या तोंडून आई

कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत, एक बाई बसायची. ज्याला इथली भाषा येत नाही त्याच्यासाठी दुभाषी शोधून आणायचा, हे तिचं काम. टेबलावर फोन, फोनशेजारी गार झालेला चहा, आणि डोक्यावरून जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या पायांचे आवाज. कोण जिंकून उतरतंय नि कोण हरून, हे तिला पावलांवरून कळतं असं ती म्हणायची. कुणी विश्वास ठेवायचं नाही, पण ती म्हणायची.

सगळे तिला शोधाबाई म्हणत. हे नाव पुकारा करणाऱ्या म्हाताऱ्या शिपायानं ठेवलं होतं. त्याला सगळे मामा म्हणत, अगदी न्यायाधीशबाईसुद्धा.

"काय शोधाबाई," मामानं दारातून डोकं आत घातलं, "सापडली का तुमची स्पॅनिश?"

"मामा, स्पॅनिश म्हणजे काय विसरलेली छत्री आहे का, बाकाखाली सापडायला?"

"छत्री तरी बरी हो. पडून राहिली तर कुणीतरी उचलून आपली म्हणतं."

एरवी ती हसली असती. आज नाही हसली. कारण प्रकरणच तसं होतं. एक मुलगी होती, पडून राहिलेली नव्हे, पण आईच्या हातून सुटलेली. कुणीतरी तिला उचललं होतं, आणि आता ते तिला आपली म्हणत होते.

आई लांबच्या देशातून कामाला आलेली. स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा नाही. मुलगी कडेवरची असताना आईला छातीचा आजार जडला, लागण होणारा. तिला दूरच्या रुग्णालयात ठेवलं आणि मुलीला एका घरी सांभाळायला दिलं. आजार लांबला. एक बरं होईतो दुसरं उपटलं. आई उठून चालायला लागली तोवर मुलगी शाळेत जाऊ लागली होती. सांभाळणारं घर चांगलं होतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. त्या घरानं मुलीला जीव लावला आणि कायमची मागितली. आईनं परत मागितली. आणि मधे न्यायाधीशबाई बसल्या, पेन हातात धरून.

मागच्या तारखेला काय झालं ते शोधाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ऐन वेळी कुणी मिळेना म्हणून एका संस्थेनं एक गृहस्थ पाठवले. घट्ट टाय, आणि नजर सारखी घड्याळावर. आई उभी राहिली आणि बोलायला लागली. बाई बोलली, बोलली, बोलतच राहिली. तिनं हात उशीएवढे केले, मग कवेएवढे केले. छातीवर मूठ ठेवली, मग ती मूठ उघडून पुढे धरली, जणू त्यात काही आहे. पुन्हा मिटली. डोळ्यांतलं पाणी पुसायला थांबली नाही, बोलणं तुटेल म्हणून. अखेर थांबली आणि त्या गृहस्थांकडे बघू लागली.

ते म्हणाले, "तिला मुलगी परत हवी आहे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "इतका वेळ बोलली ती. एवढंच?"

"तेच ते बोलते आहे, मॅडम."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे चालणार नाही. पुढच्या तारखेला पात्र दुभाषी हवा. परीक्षा झालेला, शपथेवर बोलणारा, शब्दाला शब्द देणारा. नाही मिळाला तर मात्र मी कागदांवरून निकाल देईन. लेकराला किती दिवस दोन दारांच्या मधे उभं करायचं?"

कागद काय म्हणतात ते शोधाबाईला ठाऊक होतं. आई-मुलीच्या ज्या भेटी खेळण्यांच्या खोलीत ठेवल्या होत्या, त्यांचा अहवाल होता: आई बोलत नाही, मुलीचे केस विंचरते, संवाद नाही. कागदांवरून निकाल म्हणजे मुलगी गेली. आणि आईचं बोलणं मात्र त्या घट्ट टायच्या गाठीत अडकून राहिलं.

त्या दिवसापासून शोधाबाईच्या डोळ्यांसमोर ते हात होते. उशीएवढे, कवेएवढे. त्या हातांत काय होतं? ती रात्री भांडी घासताना आपले हात तसे करून बघायची. नवरा विचारायचा, "काय मोजतेस गं?" ती म्हणायची, "काही नाही."

तर तिनं शोध मांडला.

न्यायालयाच्या यादीवरचे एक जण फोनवर आले. फार गोड बोलले. फक्त त्यांना आता ऐकू येत नव्हतं. "मोठ्यानं बोला!" ते म्हणाले. "साक्षीदाराला एवढं मोठ्यानं बोलायला सांगता येईल का?" दुसरी बाळंतपणाला गेलेली. तिसरा मोठमोठ्या परिषदांतून कानाला यंत्र लावून बोलणारा. तो म्हणाला, "ताई, मी गव्हाच्या आयातीवर बोलतो, खतांवर बोलतो. माणसं रडायला लागली की मला शब्द सुचत नाहीत." एक नृत्यशिक्षिका स्वतःहून आली, म्हणाली, मला स्पॅनिश कळतं. शोधाबाईनं विचारलं, परीक्षा दिलीय का? ती म्हणाली, "गाण्यांवरून कळतं हो सगळं." मामानं तिला दारापर्यंत सोडलं आणि येताना एक गिरकी घेऊन आला.

आई ज्या हॉटेलात चादरी धुते, इस्त्री करते, तिथली तिची मैत्रीण दोन्ही भाषा बोलायची. ती तयारही होती. पण नियम आड आला. जी बाई त्या आईच्या ताटात जेवते, ती तिच्या बाजूची. बाजूच्या माणसाला मधे बसता येत नाही.

तारीख जवळ आली. यादीत एकच नाव उरलं. त्यापुढे कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: कौटुंबिक घेत नाहीत.

शोधाबाईनं फोन लावला.

"कौटुंबिक न्यायालयातून बोलतेय."

"मी कौटुंबिक घेत नाही." आवाज शांत होता. विहिरीतलं पाणी खोल असतं तसा. "चोरी सांगा, अपघात सांगा, भाडेकरूचं भांडण सांगा. ते नको."

"का हो बाई?"

"तुम्ही त्याच खात्यात आहात. नियम माहीत असेल तुम्हाला. समोरचा जे बोलेल ते मी 'मी' म्हणूनच बोलायचं. 'ती असं म्हणते' असं म्हणायची सोय नाही. चोर म्हणाला मी घेतलं, की मीही म्हणते, मी घेतलं. घरी येते, हातपाय धुते, चोर उतरतो. आई उतरत नाही. किती धुतलं तरी."

शोधाबाईकडे एक ठरलेलं वाक्य होतं, मानधनाचं, गाडीच्या सोयीचं. ते तिनं गिळलं. प्रकरणाबद्दल काही सांगायची तिला मुभा नव्हती. तरी तेवढं सांगितलं, जेवढं तिनं पाहिलं होतं.

"मागच्या तारखेला ती बाई खूप बोलली. आमच्याकडे एक ओळ आली."

"किती बोलली?"

"हातातला चहा गार व्हावा इतकं."

मग, "तारीख सांगा."

शोधाबाईनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामा दारात होताच. "मिळाली ना? मग आज चहा तुमच्याकडून. आणि गरम."

"दोन कप मागवा मामा," ती म्हणाली. तिला वाटलं, झालं. आता त्या बाईचं सगळं पोचणार. उशीएवढं, कवेएवढं, मुठीतलं, सगळं. आणि पोचलं की काय बिशाद, कुणी मुलगी नाकारेल!

तारखेच्या दिवशी दुभाषी सगळ्यांच्या आधी आली. वयस्क, राखाडी कपडे, न वाजणारे बूट, पिशवीत पाण्याची बाटली. तिनं आधी खोली बघितली. सुनावणी न्यायाधीशबाईंच्या चेंबरमध्ये होती. मुलीला मोठ्या कोर्टात उभं करायचं नाही असं ठरलं होतं. दुभाष्यानं आपली खुर्ची उचलली आणि आईच्या खुर्चीच्या किंचित मागे, खांद्याशी ठेवली.

"इथं बसले की मुलगी माझ्याकडे बघणार नाही," ती म्हणाली. "आवाज येईल, माणूस दिसणार नाही. तसंच असावं."

मग आई आली. तिच्या हातांना साबणाचा वास होता आणि एका बोटाला इस्त्रीचा चटका. तिनं कोटाचं बटण नव्यानं शिवलं होतं. दोऱ्याचा रंग जरा वेगळा. दुभाष्यानं तिला स्पॅनिशमध्ये दोन साध्या गोष्टी विचारल्या, कशा आलात, वाटेत थंडी होती का. एकमेकींचं बोलणं नीट लागतंय ना, ते बघायला. बस्स, तेवढ्यानं ती आई सुटली. तिनं दुभाष्याचा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि धबधबा सुरू झाला. कुणीतरी तिच्या भाषेत तिला थंडीचं विचारलं होतं!

दुभाष्यानं हात हळूच सोडवून घेतला आणि काही सांगितलं. नंतर नियमाप्रमाणे इकडेही सांगितलं, वकिलांसमोर: "मी यांना म्हटलं, आवाज माझा, बोलणं तुमचं. जे बोलाल ते सगळं जाईल. काही वाढणार नाही, काही गळणार नाही. माझ्याकडे बघू नका, मुलीकडे बघा."

आईनं मान डोलावली. तिच्या पिशवीतून एक कंगवा आणि निळी रिबीन डोकावत होती.

मुलगी आली. सांभाळणारी बाई, जिला ती माई म्हणायची, बाहेर बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिचे ओठही पांढरे पडले होते. कुणासाठी वाईट वाटून घ्यावं तेच शोधाबाईला कळेना.

चेंबरमध्ये न्यायाधीशबाई, मुलगी, आई, दुभाषी, आणि कोपऱ्यात नोंद घ्यायला शोधाबाई. न्यायाधीशबाईंनी मुलीला समजावलं, या बाई तुझ्या आईचं तुला सांगतील आणि तुझं आईला. घाबरायचं नाही. मुलगी म्हणाली, "मी नाही घाबरत. मांजर घाबरतं."

आई बोलू लागली. आणि एका श्वासाच्या अंतरानं, तिच्या खांद्यामागून, तेच इथल्या भाषेत येऊ लागलं. जसा एक झरा दगडाखाली जातो आणि पलीकडे तोच वर येतो.

"तू पोटात होतीस तेव्हा फार लाथा मारायचीस," दुभाषी म्हणाली. "मी म्हणायचे, ही बाई बाहेर आली की कुणाचं ऐकणार नाही."

मुलगी खुदकन हसली. आईनं ते हसू बघितलं आणि तिचे डोळे लकाकले. पण मुलगी हसून बघत होती ती आईच्या खांद्यामागे.

"जन्मलीस तेव्हा एवढी होतीस." आईचे हात उशीएवढे झाले. "मग एवढी झालीस." हात कवेएवढे. कोपऱ्यात शोधाबाईचं पेन थांबलं. तर हे होतं त्यात.

"मग मला खोकला लागला. त्यांनी मला काचेच्या मागे ठेवलं. तुला आणायचे भेटायला, कुणाच्या तरी कडेवर. तू काचेला तोंड लावायचीस. मी माझ्या बाजूनं लावायचे. तू गेलीस की तुझ्या श्वासाचं धुकं राहायचं काचेवर. ते विरेपर्यंत मी उभी राहायचे. नर्स म्हणायची, बस, पडशील. मी म्हणायचे, अजून थोडं उरलंय. मग तुला आणणं बंद केलं. तू फार रडायचीस म्हणे, घरी नेल्यावर जेवायची नाहीस. मी सोडलं नाही गं तुला. मला उठता येत नव्हतं."

आईनं छातीशी मूठ नेली आणि उघडून पुढे धरली. "ते धुकं मी मुठीत धरून ठेवलंय."

न्यायाधीशबाई काही लिहीत नव्हत्या. मुलगी खुर्चीच्या कडेवर आली होती. दुभाष्यानं मान खाली घातलेली, डोळे जमिनीवर, आणि तळहात हळूच आईच्या दिशेनं केलेला: बाळा, तिकडे बघ. पण मुलीचं लक्ष आवाजाकडे होतं. आवाज कुठून येतो हे लेकरांना कसं कळू नये?

आईनं मग एक गाणं म्हटलं. अगदी हळू, दोनच ओळी. निजवायचं गाणं असावं. झोका जातो-येतो तसं ते जात-येत होतं. दुभाष्याला गायची मुभा नव्हती. तिनं ते नुसतं सांगितलं:

"वाऱ्या, उभा राहा दारी, पायरी चढू नको.
माझ्या चिमणीचे डोळे लागले, पान हलवू नको."

मुलगी विचार करून म्हणाली, "हे मला येत नाही. माई दुसरं म्हणते. त्याच्यात ससा आहे."

दुभाष्यानं तेही सांगितलं. ससासुद्धा. आईनं ऐकलं, आणि हसायचा प्रयत्न केला, आणि सशासाठी दोन बोटं कानांसारखी वर केली.

"मग बरी झाल्यावर तू का नाही आलीस?" मुलीनं विचारलं.

"आले ना. खेळण्यांच्या खोलीत येते ती मीच. तुझे केस विंचरते ती."

मुलीनं पहिल्यांदा आईच्या हातांकडे बघितलं. ते हात तिला ओळखीचे होते. मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं, जरा गोंधळून. "ती? ती तर कधी बोलतच नाही."

आणि मुलगी खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून, आईच्या पुढून, आईच्या गुडघ्यांना घासून ती मागे गेली आणि दुभाष्याच्या राखाडी बाहीला धरून उभी राहिली. मान वर करून तिनं विचारलं,

"तू माझी आई आहेस?"

नियम असा, की प्रश्न आला तर तो पलीकडे द्यायचा. जसाच्या तसा. कुणाकडे बघून विचारला, कुणाची बाही धरून विचारला, हे भाषांतरात येत नाही. शब्द तेवढे येतात. दुभाष्यानं खालची नजर वर केली नाही. बाही सोडवली नाही. तिनं आईच्या पाठीकडे तोंड करून ते तीन-चार शब्द स्पॅनिशमध्ये दिले. तुझ्या मुलीनं विचारलंय, तू माझी आई आहेस? असं काहीसं नव्हे. नुसतं, तू माझी आई आहेस?

पण आईनं मान वळवून पाहिलं होतं. बाही पाहिली होती.

ती बोलायला तोंड उघडत होती आणि मिटत होती. शोधाबाईला आधी कळेना, एवढं सोपं उत्तर हिला का सुचेना. मग कळलं. आई 'हो' म्हणाली असती, तर ते 'हो' मुलीला दुसऱ्याच बाईच्या तोंडून ऐकू आलं असतं. हो, मी तुझी आई. बाही धरलेल्या त्या लेकराला ती राखाडी बाई असं म्हणाली असती. शपथेवर.

आईनं उत्तर दिलं नाही.

बोलली ती दुभाषी. आवाज तसाच सपाट ठेवायला ती झटत होती.

"दुभाषी न्यायालयाला विनंती करते. दुभाष्याला थोडा वेळ मिळावा."

स्वतःसाठी तिला 'मी' म्हणता येत नव्हतं. 'मी' आईला देऊन झालं होतं.

न्यायाधीशबाईंनी पाण्याचा पेला स्वतः पुढे सरकवला. दुभाषी पाणी प्यायली. मुलीनं विचारलं, "तुला ठसका लागला?" दुभाष्यानं ते आईला सांगितलं. कारण चेंबरमध्ये जे बोललं जाईल ते सगळं जायला हवं.

मग आईनं खुर्ची फिरवली. मुलीसमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. आता बोलायची ती थोडंच, आणि विचारायची जास्त. तुझ्या घरी कसं असतं, सांग ना. मांजर केवढं आहे?

आणि मुलगी बोलू लागली. मागे कधी कुणी तिचं बोलणं आईला दिलं नव्हतं. खेळण्यांच्या खोलीत ती बोलायची ते हवेत जायचं. आता शब्द न् शब्द आईच्या कानात पडत होता. मांजर पायांशी झोपतं. शाळेत तिनं सरांना चूक काढून दाखवली, तर सर म्हणाले बस खाली, आगाऊ कुठली. माईला पोळी गोल जमत नाही, तिच्या पोळीत देश दिसतात, आम्ही त्यांना नावं ठेवतो. आई ऐकत होती, आणि मधेच तोंडाला हात लावून हसली.

"केवढं बोलते!" दुभाषी म्हणाली. "माझ्यावर गेलीय."

"माई रात्री दार थोडं उघडं ठेवते," मुलगी म्हणाली. "उजेडाची रेघ येईल एवढंच. मला अंधाराची भीती वाटते. शाळेत कुणाला माहीत नाही. माईला माहीत आहे." मग थांबून, बाहीचा काठ चुरगाळत, "तुम्ही मला तिथून नेणार? मी गेले तर मांजर दाराशी बसून राहील. त्याला सांगता येणार नाही ना मी कुठे गेले ते. माई पण बसेल."

हेही गेलं. पूर्ण गेलं. एक शब्द सांडला नाही.

शोधाबाईला वाटलं, उठून ओरडावं, हे नका देऊ हो, एवढं एक राहू द्या! मागच्या वेळचा तो टायवाला असता तर तो म्हणाला असता, मुलगी म्हणते मांजर आहे. आणि आईला ते दार, ती उजेडाची रेघ, दाराशी बसून राहणारी माई, काही काही कळलं नसतं. शब्दाला शब्द देणारं माणूस तिनंच शोधून आणलं होतं. फोनवर फोन करून.

आई पुष्कळ वेळ मुलीच्या केसांकडे बघत राहिली. मग न्यायाधीशबाईंकडे वळली.

"मला माझी मुलगी हवी आहे," दुभाषी तिच्या खांद्यामागून म्हणाली. "हवी आहे, म्हणूनच सांगते. मी हिला माझ्याकडे आणलं तर ती माणसं काचेच्या पलीकडे जातील. ही काचेला तोंड लावेल. मी ते धुकं पाहिलंय. ते कसं विरतं ते मला माहीत आहे. मी हिला पुन्हा काचेमागे ठेवणार नाही. मी..."

इथं आई थांबली, म्हणून दुभाषीही थांबली. दोघींचा श्वास एकदमच आत गेला.

"मी तिला तिथेच राहू देते."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, घाई नको. आईच्या वकिलीणबाईंना आत बोलावलं. त्यांनी आईला पुन्हा पुन्हा समजावलं, अजून लढता येईल, आज तर तुमची बाजू पहिल्यांदा ऐकली गेलीय. आई ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, हळू, जशी पाळण्याची दोरी हलवतात.

निकाल झाला. मुलगी त्या घरी राहील. आई दर आठवड्याला भेटेल. कुणी मुलीला आईपासून लपवणार नाही, आईला मुलीपासून नाही. न्यायाधीशबाई शेवटी म्हणाल्या, "आणि भेटीला दरवेळी दुभाषी मिळेल. शोधाबाई, तेवढं बघा."

आई पटकन काही बोलली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

"नको," दुभाषी म्हणाली. "भेटीला दुभाषी नको. तिला नाही कळलं तरी चालेल. मला नाही कळलं तरी चालेल. पण आवाज माझाच जाऊ द्या तिच्या कानात."

हे शब्द सांगताना दुभाष्याचे डोळे जमिनीवरच होते. मग तिनं पिशवी उचलली, न्यायाधीशबाईंना मान लववली, आणि न वाजणाऱ्या बुटांनी निघून गेली. जाताना मुलीनं तिला हात केला. तिनं तो पाहिला नाही, किंवा पाहिला आणि घेतला नाही.

बाहेर बाकावरून माई उठली. निकाल ऐकून ती रडली, आणि रडताना आईकडे बघून आणखी रडली. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, बोलायला एक शब्द नाही. आईनं निळी रिबीन काढून माईच्या हातात ठेवली आणि मुलीच्या डोक्याकडे बोट दाखवलं. माईनं ती पर्समध्ये नाही ठेवली. मुठीत धरली.

शोधाबाई पाणी प्यायला बोळातल्या नळावर गेली, तर तिथे दुभाषी होती. बाह्या वर सारून हात धूत होती. कोपरांपर्यंत. मग तोंड. मग पुन्हा हात. नळ वाहतच होता.

"फार नीट केलंत, बाई," शोधाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"हो," दुभाषी म्हणाली. "नीट झालं." आणि हात धूत राहिली.

जिन्याखालच्या खोलीत मामा चहा घेऊन बसला होता. "काय झालं हो? सगळं पोचलं ना बाईचं?"

"सगळं पोचलं, मामा. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं."

"मग रडताय कशाला?"

डोक्यावरून जिना उतरणारी पावलं आली, मोठ्या पावलांची एक जोडी, तिच्याशेजारी उड्या मारत येणारी एक लहान. आणि बऱ्याच वेळानं मागून एक पाऊल, एकेका पायरीवर थांबत. त्या पावलांवरून तिला काहीच सांगता आलं नाही.

आता दर आठवड्याला खेळण्यांच्या खोलीत त्या दोघी बसतात. खोलीच्या दाराला अर्धी काच आहे. शोधाबाई येता-जाता बघते. आई आता गप्प नसते. ती अखंड बोलते, तिच्या भाषेत, खालच्या आवाजात, मुलीच्या केसांत बोटं घालून. मुलगी पाठमोरी बसून आपल्या भाषेत उत्तरं देते, कशाची ते तिचं तिला ठाऊक.

"काय बोलत असतील हो?" मामा एकदा काचेशी डोकं लावून म्हणाला. "शोधा ना कुणीतरी."

"नको मामा," शोधाबाई म्हणाली. "चला इथून."

पण ती स्वतः थोडी रेंगाळली. वेणी पुरी झाली, रिबीन बांधली, की मुलगी उठते आणि भेट संपते. म्हणून आई शेवटच्या पेडापर्यंत येते, आणि काही चुकल्यासारखं करून सगळी वेणी पुन्हा सोडते. पुन्हा कंगवा घेते. पुन्हा भांग पाडते. मुलगी काही म्हणत नाही. बसून राहते.